माळीकाकांचा नवा हात

३ ऑगस्ट
मुलींचं वसतिगृह, खोली १४

प्रिय मावशी,

तुला फोन करायचा म्हणजे दुकानातल्या सगळ्यांना माझं ऐकू जातं आणि तुलाच जात नाही. म्हणून हे पत्र. मजकूर लांब आहे, चष्मा पुसून बस.

आमच्या कॉलेजच्या मैदानावर एक माळीकाका आहेत. नावालाच माळी. पाणी मारणं, रोलर फिरवणं, व्हॉलीबॉलच्या कोर्टाला चुन्याची फक्की मारणं, सगळं तेच करतात. पहिल्या वर्षी मी सर्व्हिस सारखी नेटमध्ये मारायचे, तेव्हा कुंपणाला टेकून म्हणाले होते, "ताई, नेटने तुमचं काय वाकडं केलंय?" तेव्हापासून ते आमचे झाले. मे महिन्यात गवत कापायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. मनगटाच्या चार बोटं वरपासून पुढे काही उरलं नाही. कॉलेजने त्यांना कामावर ठेवलंय, पण एका हाताने फावडं कसं धरणार?

तर आमच्या संघाने ठरवलंय की त्यांना कृत्रिम हात घेऊन द्यायचा. आम्ही दहा जणी आणि कप्तान मी. बाजाराच्या चौकात उभं राहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत चेंडू हवेत ठेवायचा, बाजूला पेटी. चेंडू जमिनीला टेकला की ज्या मुलीमुळे टेकला तिने गाणं म्हणायचं. माझा आवाज तुला माहीत नाही हे तुझं नशीब. पुढच्या महिन्यात शिक्षकांशी सामना आहे, त्याला तिकीट.

आता तुझं काम. आई सांगते की तुमच्या कॉलेजच्या संघाने तुझ्या कानाच्या ऑपरेशनसाठी असेच पैसे जमवले होते. आई कप्तान होती, डबा घेऊन दारोदार फिरली होती. ऑपरेशननंतर दोन वर्षं तुला घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू यायची, मग पुन्हा कान गेले. आई हे सांगताना अजून डोळे पुसते. मावशी, आमच्या पत्रकासाठी चार ओळी लिहून दे ना. मदत मिळाली तेव्हा कसं वाटलं, एवढंच. लोकांना खरं माणूस दाखवलं की त्यांचा हात खिशात जातो, असं आमचे क्रीडाशिक्षक म्हणतात.

तुझी लाडकी आणि अजूनही वाढणारी,
उंट

---

१२ ऑगस्ट

उंटे,

पत्र पोचलं. दुकानात काम फार आहे. शाळा उघडल्यापासून सगळ्या गावातल्या पोरांचे चष्मे फुटतच असतात. दिवसभर काचा घासून माझी बोटं पांढरी पडलीत.

हातच का घ्यायचा? त्यांनी मागितला का? उगाच विचारते.

चार ओळी मागितल्यास त्या अशा :

"मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझ्या मैत्रिणींनी माझ्यासाठी कष्ट घेतले. त्यामुळे मला पुन्हा ऐकू आलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही."

झाल्या ना चार? बास. माझं नाव घालू नकोस आणि फोटो तर मुळीच नाही. कार्यक्रमाला बोलावू नकोस, मला जमणार नाही. ताईला विचार, तिची गुडघेदुखी कशी आहे.

मावशी

---

१० सप्टेंबर

प्रिय मावशी,

जमले! आम्हाला वाटलं होतं त्याच्या दीडपट!

तुझ्या चार ओळींनी कमाल केली. आमची स्मॅशर आहे ना, जिला आम्ही तोफ म्हणतो, तिने चौकात भोंग्यावर वाचल्या. एक म्हातारे गृहस्थ ऐकता ऐकता पिशवी खाली ठेवून उभेच राहिले. एका बाईने हातातली बांगडी काढायला घेतली, आम्हीच थांबवलं. तीनही दिवस तोफ त्याच ओळी वाचत होती. तिसऱ्या दिवशी तर "ऐकू आलं" म्हणताना तिनेच भोंगा बाजूला करून डोळे पुसले.

हातही ठरला. असे हात बनवणाऱ्या कारखान्याच्या पुस्तकात दोन प्रकार होते. एक पाच बोटांचा, अगदी कातडीच्या रंगाचा, नखंसुद्धा काढलेली. दुसरा म्हणजे नुसता लोखंडी आकडा, चिमट्यासारखा उघडमीट होणारा. तो बघूनच तोफ म्हणाली, "शी, समुद्री चाच्यासारखा!" सगळ्यांनी एकमताने बोटांचा निवडला. महाग आहे, पण काकांना आम्ही कमी प्रतीचं का द्यायचं?

तू विचारलंस, त्यांनी मागितला का. ते कशाला मागतील? ते कधी काही मागत नाहीत. आम्ही सांगितलं तेव्हा मान हलवून हसले, एवढंच.

तुझ्या पत्रातून तू रागावलीयस असं का वाटतंय? मी काही चुकले का?

उंट

---

२८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. ठीक आहेस ना? हे दुसरं लिहितेय कारण माझं डोकं चालेनासं झालंय आणि घरी आईशी हे बोलावंसं वाटत नाही.

हात येऊन महिना झाला. पहिल्या दिवशी काकांनी तो लावला, आम्ही टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला. पण गेल्या मंगळवारी मी सराव नसताना सहज मैदानाकडे गेले तर काका एकाच हाताने फावडं चालवत होते. दांडा काखेत धरून, पोटाचा टेकू लावून. उजवी बाही रिकामी. हात कुठाय म्हणून बघते तर सामानाच्या खोलीत, रंगाच्या डब्यांमागे, फडक्यात गुंडाळून ठेवलेला.

मी निघून आले. दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्या मिळून गेलो तर हात लावलेला! इस्त्री केल्यासारखा व्यवस्थित. तोफेने विचारलं, "काका, बरा आहे ना?" म्हणाले, "फार बरा आहे, ताई. फार बरा."

मी मग मुद्दाम दोनदा लपून पाहिलं. मावशी, आमची चाहूल लागली की ते धावत आत जातात आणि हात चढवून येतात. आम्ही गेलो की काढतात.

हे काय आहे? मला आधी राग आला. आम्ही तीन दिवस उन्हात चेंडू उडवला, माझी गाणी अख्ख्या बाजाराने सोसली, ते कशासाठी? डब्यांमागे ठेवायला? मग वाटलं, आळस असेल. पण ते आळशी नाहीत. मग वाटलं, आपल्यालाच फसवतायत. पण कशासाठी फसवतील? त्यात त्यांचा काय फायदा? मी कुणालाच सांगितलेलं नाही. तोफेला कळलं तर ती काकांना जाब विचारेल.

आणि खरी अडचण पुढेच आहे. वीस नोव्हेंबरला प्राचार्यांनी मोठा कार्यक्रम ठेवलाय. देणगी देणारे सगळे येणार. काकांनी व्यासपीठावर त्या हाताने चेंडू उचलून माझ्या हातात द्यायचा, असं ठरलंय. मावशी, त्या बोटांत चेंडू धरवत नाही. मी पाहिलंय. त्यांच्या हातातून फडकंसुद्धा निसटतं.

मी काय करू? तूच सांग. तुझ्यासाठीही लोकांनी केलं होतं, तुला कळत असेल.

उंट

---

४ नोव्हेंबर

उंटे,

तुझ्या सप्टेंबरच्या पत्राला मी तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तीनही फाडली. आज चौथं. हे मी दुकानात, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय म्हणजे परत वाचून फाडायला वेळ मिळणार नाही.

त्या चार ओळींतली तिसरी खोटी आहे.

माझ्या कानाच्या आतलं एक बारीक हाड आखडत चाललं होतं. ते बदललं की ऐकू येईल असं डॉक्टर म्हणाले. ताईने आणि संघातल्या मुलींनी जीव टाकून पैसे उभे केले. ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी पट्टी काढली. पलंगाच्या पायथ्याशी ताई उभी, तिच्या मागे सगळा संघ, सगळ्यांनी श्वास रोखलेला. डॉक्टरांचे ओठ हलले. "येतंय ऐकू?" एवढं ओठांवरून कळलं. मी ताईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. हो.

सगळ्या नाचायला लागल्या. मी त्यांच्या उड्या पाहिल्या, उंटे. आवाज आला नाही. त्या कानात जे थोडंफार उरलं होतं तेही गेलं होतं.

मला वाटलं, आज हो म्हणू, उद्या सांगू. उद्या वर्तमानपत्रवाला आला. परवा किराणावाला म्हणाला, "काय, आता येतं ना स्पष्ट?" त्याने पैसे दिले होते. त्याला काय सांगणार? दुसरा कान थोडा जागा होता, ओठ वाचायला शिकले, आणि घड्याळाचं म्हणशील तर सेकंदकाटा बघून मी ताईला सांगायचे, हे बघ, टिकटिक येतेय. ती खूश व्हायची.

खेळायला गेले तिथे गोची झाली. कोर्टावर जिचा चेंडू ती ओरडते, "माझा!" मला ऐकू कुठे येतंय? मी धावले, दुसरीही धावली, तिचा दात पडला. मी म्हटलं, लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मीच कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, शिक्षणात मन लागत नाही. इथे काचा घासायला लागले कारण काचा घासणाऱ्याशी कुणी बोलत नाही. दोन वर्षांनी म्हटलं, पुन्हा गेला कान. ताई रडली. म्हणाली, निदान दोन वर्षं तरी मिळाली तुला.

तुझे काका फसवत नाहीत. ते तुम्हाला सांभाळतायत. हात लावून ते तुम्हा दहा जणींचे कष्ट वाचवतात. पण त्याचं ओझं फार होतं गं. फावड्यापेक्षा जड.

त्यांना विचार. सगळ्यांसमोर नाही. एकटी जा, आणि "बरा आहे ना?" असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला "बरा आहे" हेच उत्तर असतं.

हे ताईला कळता कामा नये. कधीच. तिच्या आयुष्यात तिने केलेलं हे सगळ्यात मोठं काम आहे, असं ती समजते. हे पत्र फाडून टाक.

मावशी

---

१३ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र मी उघडलं.

मुद्दाम नाही. वसतिगृह सुट्टीत बंद होतं म्हणून तिथल्या बाईंनी पत्ता खोडून पाकीट घरी पाठवलं. उंटाचं नाव त्यांच्या शाईच्या फराट्याखाली गेलेलं. मी फक्त तुझं अक्षर पाहिलं आणि मला वाटलं, मलाच आलंय. दुसऱ्या पानावर पोचले तेव्हा कळलं की मला नाही. पण मग ठेवता येईना.

पाकिटाला डिंक लावून उंटाला दिलं. टपालात फाटलं असेल म्हणाले. तिने विश्वास ठेवला. आता तूच बघ, खोटं बोलायला मलाही जमतं.

मी रागावले आहे, पण कुणावर ते नक्की होत नाहीये. काल भाजीत दोनदा मीठ टाकलं. महिनाअखेर तुझ्याकडे येते. दुकानातून सुट्टी घेऊन ठेव.

ताई

---

१ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र फाडलं. आधी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. आईला काही बोलले नाही, तू निश्चिंत राहा. तिने काही विचारलंही नाही. फक्त सुट्टीत ती फार गप्प होती, गुडघा दुखत असेल.

आता इकडचं. जे झालं ते सरळ सांगते, बरं की वाईट ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

सुट्टी संपल्यावर मी एकटी काकांकडे गेले. ते नळी गुंडाळत होते. मी म्हटलं, "काका, त्या हाताने काय काय येत नाही?" त्यांनी नळी पूर्ण गुंडाळून खुंटीला अडकवली. मग बसले आणि बोलायलाच लागले. खांद्याचा पट्टा काचतो. घामाने आतली कातडी सोलते. बोटं दिसायला झकास, पण फावड्याचा दांडा त्यात ठरत नाही. "ताई, शोभेच्या कुंडीसारखा आहे," म्हणाले, "पाणी कुठून घालायचं तेच कळत नाही." मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली मान घातली. म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी गाणी म्हटलीत, ताई. तीसुद्धा तुमच्या आवाजात."

मी त्यांना आकड्याबद्दल सांगितलं. त्यांना तसा प्रकार असतो हेच माहीत नव्हतं! आम्ही पुस्तक त्यांना दाखवलंच नव्हतं, मावशी. दहा जणींनी पाहिलं, क्रीडाशिक्षकांनी पाहिलं, तोफेच्या आत्यानेसुद्धा पाहिलं.

मी संघाला सांगितलं. निम्म्या जणी रडल्या, निम्म्या भडकल्या. तोफ म्हणाली, "म्हणजे आपण चुकलो असं सगळ्यांना सांगायचं?" ती अजून माझ्याशी बोलत नाही. चेंडू देते, पण बोलत नाही.

आणि मग वीस तारीख. काका व्यासपीठावर, हात लावून, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. प्राचार्यांनी चेंडू टेबलावर ठेवला. सभागृह भरलेलं. काकांचा चेहरा पाहिला आणि मला तुझा तो पलंग दिसायला लागला. मी माइक घेतला. म्हटलं, "हा हात आम्ही आमच्या आवडीने निवडला, काकांना विचारलं नाही. तो त्यांच्या कामाचा नाही. तो बदलून द्यायचाय." 

कुणी टाळी वाजवली नाही. मागे कुणीतरी म्हणालं, "मग आमचे पैसे गेले की काय?" प्राचार्यांनी घाईघाईने आभार मानले. मला वाटत होतं, काकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. बाहेर पायऱ्यांवर गाठले तर ते रागाने कॉलरचं बटण ओढत होते. "हे सांगायचं तर मी सांगितलं असतं," म्हणाले. "माझा हात, माझी लाज. तुम्ही पुन्हा मला न विचारताच केलंत."

मावशी, मी तिथेच बसले पायरीवर. ते बरोबर होते. मी तुझं सगळं ऐकून तेच केलं.

नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सरावाच्या वेळी मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात पाणी मारायचे. मग परवा सकाळी आले ते आकडा लावूनच. कारखान्यात स्वतः गेले होते, बायकोला घेऊन. बदलून घेतला, वरचे पैसे उरले ते कारखान्याने दुसऱ्या कुणाच्या तरी नावे जमा केले, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. आकड्यात फक्कीचा डबा अडकवून त्यांनी कोर्टाची मागची रेषा मारली. रेषा अशी वाकडी की बाद कुठे आणि आत कुठे तेच कळेना. आम्ही त्याच रेषेवर खेळलो आणि दर गुणाला भांडलो. ते कुंपणाजवळ उभे राहून निकाल देत होते. माझ्याकडे बघून मात्र हसले नाहीत.

मी बरं केलं का, मावशी? खरं बोलले म्हणून ते मोकळे झाले, की माझ्या तोंडून निघालं म्हणून दुखावले? दोन्ही खरं असेल तर मी काय समजू?

उंट

---

९ डिसेंबर

उंटे,

तुझ्या प्रश्नाचं नंतर, आधी इकडचं ऐक.

तुझी आई येऊन गेली. गुडघा वगैरे काही नव्हतं. माझं पत्र आधी तिनेच वाचलं होतं, डिंक तिचाच. तुला सांगायला तिने मला परवानगी दिली आहे. मी तिला विचारलं, मग लिहितेय. एवढं तरी तुझ्या काकांकडून शिकले.

ती आली, पिशवी ठेवली आणि माझी दुकानाची हिशेबाची वही ओढून तिच्यात लिहिलं, "मला माहीत होतं." मी विचारलं, कधीपासून? तिने लिहिलं, "तिसऱ्या दिवसापासून." दवाखान्यातून मी घरी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती माझ्या पाठीमागे उभी राहून माझ्या नावाने हाका मारत होती. एकदा, दोनदा, पाचदा. मी शेंगा सोलत बसले होते. वळले नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "टिकटिक येते का गं?" आणि मी हो म्हटलं.

मला इतका संताप आला, उंटे! मी ओरडलेच. किती मोठ्याने ते मला कळत नाही, पण शेजारीण दारात आली. म्हटलं, तुला माहीत होतं तर दोन वर्षं मला माना का हलवू दिल्यास? त्या किराणावाल्यासमोर? त्या मुलीचा दात पडला तेव्हा? मी कॉलेज सोडलं तेव्हा? एकदा म्हणाली असतीस, राहू दे, नाही आलं ऐकू, तर मी तुझ्या गळ्यात पडले असते.

तिने लिहिलं, "तू हो म्हणालीस. मी घराघरांत सांगितलं होतं की माझी बहीण बरी होईल. तुझा 'हो' सुटला असता तर माझ्याकडे काय राहिलं असतं?" मग ते खोडलं. मग लिहिलं, "तुला मान हलवून बरं वाटतंय असं मला वाटायचं." तेही खोडलं. मग पेन ठेवून दिलं.

मी तिला म्हटलं, मी तुझ्यासाठी करत होते. ती ओठांनीच म्हणाली, अगदी स्पष्ट, मला वाचता यावं म्हणून सावकाश, "मी पण."

म्हणजे कोण कोणाला सांभाळत होतं, उंटे? तीही चूप, मीही चूप, आणि अठ्ठावीस वर्षं दोघी त्या नसलेल्या दोन वर्षांच्या आठवणी काढतोय. मला हसूही येईना आणि रडूही. तिलाही तेच होत असावं, कारण तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता, आणि तिचा चेहरा मी कुणाच्याही ओठांपेक्षा चांगला वाचते.

मालक दुसऱ्या दिवशी विचारत होता, वहीत विक्रीच्या पानांवर हे काय लिहिलंय? मी म्हटलं, भांडण. तो पान उलटून गेला.

तेव्हा तू बरं केलंस की वाईट, मला नको विचारू. काकांनाच विचार. आज हसत नसतील तर पुढच्या आठवड्यात विचार.

तुझ्या आईला मी गाडीपर्यंत सोडायला गेले. गाडी सुटायच्या आधी तिने खिडकीतून फक्त दोन बोटं दाखवली. मला वाटलं, दोन वर्षांचं म्हणतेय, म्हणून मी तोंड फिरवलं. काल तिचं कार्ड आलं तेव्हा कळलं, दोन तारीख म्हणत होती. जानेवारीच्या दोन तारखेला ती पुन्हा येतेय. भांडण अर्धं राहिलंय, म्हणते.

मी नवी वही आणून ठेवली आहे.

मावशी